मधल्या खणाचं कुलूप

१

खण उघडला तेव्हा आत फक्त जुन्या वर्तमानपत्राचा कागद होता.

खंडाळ्याच्या त्या बंगल्यात मेजाभोवती पाच माणसं उभी होती आणि पाचही त्या कागदाकडे बघत होती. निवृत्ती गायकवाडच्या हातात अजून किल्ली होती. अडकलेलं कुलूप न मोडता उघडल्याचं समाधान त्याला जेमतेम क्षणभर मिळालं, आणि तिथंच संपलं.

"पिशवी कुठंय?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

लाल मखमलीची पिशवी, आणि तिच्यात त्यांच्या आईच्या चार सोन्याच्या पाटल्या. वीस डिसेंबरला त्यांनी स्वतः या खणात बघितल्या होत्या. आज शनिवार, चोवीस जानेवारी.

ज्योत्स्नाबाई दांडेकर बहात्तर वर्षांच्या, पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या, वडिलांच्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या. मेजही वडिलांचंच, शिसवीचं. तीन खण, आणि मधल्याला आतून बसवलेलं पितळी कुलूप. दोन दिवसांपूर्वी त्या खण उघडायला गेल्या तर किल्ली आत जाई, पण फिरेना. सव्वीस जानेवारीच्या जोडसुटीसाठी ठाण्याहून आलेला त्यांचा भाचा सुहास म्हणाला, ड्रिल मारू, पाच मिनिटांचं काम. बाईंनी त्याला मेजाला हात लावू दिला नाही आणि निवृत्तीला निरोप धाडला.

निवृत्ती रेल्वेच्या सिग्नल खात्यात तेहतीस वर्षं फिटर होता. आता मळवलीजवळच्या भाजे गावात राहून जुनी कुलपं दुरुस्त करी. सकाळी आल्यावर त्यानं किल्ली आत घालून नुसती जाणवून घेतली. केसभर हले आणि थांबे. गंज असता तर करकरली असती. आतली पट्टी मोडलेली असती तर सैल वाटली असती. हे तिसरंच काही होतं, कुणी मऊ हातानं धरून ठेवल्यासारखं. त्यानं कापूस गुंडाळलेली काडी भोकात फिरवून बाहेर काढली. कापसाला पांढरं, लोण्यासारखं काही लागलं होतं. वास घेतला तर खोबरेल तेल.

मग जबरदस्ती करायचं कारणच नव्हतं. त्यानं चंपाकडून गरम पाण्याची रबरी पिशवी मागून घेतली, पॉलिशला ओल लागू नये म्हणून चौपदरी कोरडं फडकं मध्ये ठेवलं आणि पिशवी अर्धा तास कुलपावर धरून बसला. किल्लीही तळहातात दाबून गरम केली. तेल पातळ झाल्यावर कापसानं जेवढं निघेल तेवढं टिपलं, पेन्सिलीचं शिसं किल्लीला चोळलं आणि किल्ली न पिळता नुसती थरथरवत फिरवली. कुलूप आवाज न करता सुटलं.

पिशवी धरून बसला होता तेव्हाच त्यानं सहज विचारलं होतं, की कुलपाला खोबरेल कुणी घातलं? बाई नाही म्हणाल्या. सुहास नाही म्हणाला. त्याची बायको प्रतीक्षा नाही म्हणाली. घरकाम करणारी चंपाही नाही म्हणाली. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं.

आता वाटलं. त्यानं खण पूर्ण बाहेर काढून उलटा केला. तळाची फळी, मागची फळी, कुलपाचे चारही स्क्रू, कशालाही धक्का नव्हता. म्हणजे चोरानं किल्लीनंच खण उघडला होता आणि किल्लीनंच परत लावला होता. किल्ली शेजारच्या खोलीत शिवणयंत्राच्या कप्प्यात असे, आणि ते घरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

सुहास चंपाकडे वळला. "रोज या घरात कोण असतं?" तो म्हणाला. मग व्हरांड्यात जाऊन, शेजारच्या बंगल्याचा माळी दत्तोबा कुंपणापाशी उभा असतानाच, त्यानं मोठ्यानं सांगितलं की सोमवारी संध्याकाळी ठाण्याला परत जायच्या आधी तो चंपाच्या नावानं पोलिसात तक्रार देणार आहे.

आत येऊन तो निवृत्तीला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, पण हे माणूस तुमच्या बायकोनंच आणलेलं."

२

ते खरं होतं. निवृत्तीच्या बायकोनं, शेवंतानं, या घरात बावीस वर्षं स्वयंपाक केला. गुडघे गेले तेव्हा तिनं भाज्यातल्याच चंपाला आणून बाईंसमोर उभं केलं आणि सांगितलं, हिला ठेवा आणि घर उघडं टाकून कुठंही जा, माझा शब्द. त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या ऑगस्टमध्ये शेवंता वारली. तिच्या मागं घरात राहिलं काय, तर चार भांडी, दोन लुगडी आणि तिनं लोकांना दिलेले शब्द. त्यातला एक असा मातीत जाऊ द्यायचा नाही, हे निवृत्तीनं बंगल्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं. बाईंकडून त्यानं सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

दुपारी तो चंपाच्या घरी गेला. ती चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. थोरल्या मुलीचं लग्न पंधरा फेब्रुवारीला कामशेतच्या महिपतीच्या मुलाशी ठरलं होतं. दत्तोबा माळी कामशेतचाच. त्यानं फोन करायला तासभरही लावला नव्हता. महिपतीचा निरोप आला होता, की पोलिसात नाव गेलं तर आम्हाला विचार करावा लागेल.

"लय सरळ माणूस हाय त्यो, भाऊ," चंपा म्हणाली. "त्याचं चुकलं न्हाई. मी त्याच्या जागी असते तर मीबी हेच म्हनले असते."

निवृत्तीनं तिला एकेक गोष्ट शांतपणे विचारली. महिन्याभरात घरात कोण कोण आलं? शाहबाज, लोणावळ्याचा जुन्या फर्निचरवाला, डिसेंबरात एकदा मेज बघायला आला होता. सुहास आणि प्रतीक्षा नाताळात आले, तीन दिवस राहिले, आणि आता परत आले. बाकी दूधवाला दारातून जातो. पाटल्यांविषयी तिला काय ठाऊक होतं? आहेत एवढंच. नऊ वर्षांत एकदा बघितल्या होत्या, बाईंनी पुसायला काढल्या तेव्हा.

शेवटी त्यानं विचारलंच, की तिनं चांगल्या हेतूनं, करकरतं म्हणून, कधी कुलपात खोबरेल घातलं होतं का. घातलं असलं तर त्यात चोरी नाही.

चंपा त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या दुःखातही तिच्या तोंडावर हसू आलं.

"खोबरेल? कुलपाला? ह्या थंडीत? भाऊ, मी काय येडी हाय का? डिसेंबर लागल्यापासनं बाटलीत दगड झालाय त्येचा. बाईंच्या डोक्याला लावायचं तर चमच्याच्या दांड्यानं उकरून काढते मी."

निवृत्तीनं मान हलवली आणि पुढचं विचारलं. ती काय बोलून गेली ते त्याच्या लक्षात यायला पुढचा सबंध दिवस जायचा होता.

३

रविवारी सकाळी तो लोणावळ्याला शाहबाजच्या दुकानी गेला. दुकान म्हणजे बाजारामागची पत्र्याची लांब शेड, आत एकावर एक रचलेल्या खुर्च्या, पलंग, आरशांच्या चौकटी. शाहबाज त्याला ओळखून होता. दुकानातलं कुठलंही जुनं कुलूप अडलं की तो निवृत्तीलाच बोलावी. पण आज त्यानं बस म्हणण्याआधीच सांगून टाकलं, की सुहाससाहेबांचा फोन येऊन गेला आणि त्यांनी त्यालाही सोडलेलं नाही.

"तीस वर्षं लोकांची कपाटं उघडतोय, निवृत्तीभाऊ. आत नोटा निघाल्या, पत्रं निघाली, एकदा तर दाताची कवळी निघाली. सगळं मालकाच्या हातात दिलं. आणि आता ह्यांच्या पाटल्या मी नेल्या म्हणे."

निवृत्ती म्हणाला, की तो त्याच्यावर आळ घ्यायला आलेला नाही, वीस डिसेंबरला काय झालं तेवढं सांग.

शाहबाजनं सांगितलं. बाईंना मेज विकायचं नव्हतं. किंमत काय येईल ते फक्त जाणून घ्यायचं होतं. कुलूप चालतं का, असं त्यानं विचारलं. बाई आत गेल्या, किल्ली घेऊन आल्या, स्वतःच्या हातानं मधला खण उघडला. लाल पिशवी त्यानं पाहिली. बाईंनी ती उघडून दाखवली, परत ठेवली, खण लावला, किल्ली घेऊन आत गेल्या. किल्ली कुठून आणली ते त्याला दिसलं नाही, आणि त्या खोलीत तो एक मिनिटही एकटा नव्हता. बाईंनीही पुढं हेच सांगितलं.

"कुलूप कसं होतं?" निवृत्तीनं विचारलं.

"कोरडं ठणठणीत. करकर वाजलं. बाई म्हणाल्या, तेल घालू का? मी म्हटलं, अजिबात नको, तेलाला धूळ धरते. शिसपेन्सिल घासा किल्लीवर. तुम्हीच शिकवलंय ना मला ते?"

निवृत्ती खुर्चीवरून उठला. तेल वीस डिसेंबरनंतर पडलं होतं. बाईंनी घातलं नव्हतं, शाहबाजला ते घालणं पटत नव्हतं. ते चोरानंच घातलं होतं. कुलूप करकरलं असतं तर घरात आवाज गेला असता, म्हणून घातलं होतं. आणि तेच तेल गोठून कुलूप बसलं, नाहीतर त्या तेलाचा पत्ता कुणाला लागता ना.

४

दुपारी तो बंगल्यावर गेला. मेज उत्तरेच्या खोलीत होतं. दगडी भिंती, ऊन कधीच नाही. दुपारी दोन वाजता आत गेलं तरी हात थंड पडत.

त्यानं कुलूप खणातून सोडवून घेतलं आणि व्हरांड्यात उन्हाला बसून पूर्ण साफ केलं. करता करता दोन गोष्टी दिसल्या. तेल कुलपाच्या पोटात तळापर्यंत उतरलं होतं आणि तिथून खणाच्या आतल्या कागदावर वीतभर लांब, बारीक ओघळ गेला होता, जुना, कागदात मुरून कडेनं पिवळा पडलेला, शनिवारच्या शेकानं झालेला नव्हे. पाण्यासारखं पातळ असताना घातलेलं तेल होतं ते. आणि त्याला वास होता तो पाकिटातल्या तेलाचा नव्हता. ताज्या सुक्या खोबऱ्याचा, घाण्याच्या तेलाचा होता.

सुहास तिथं येऊन बसला. तो वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. त्यानं एक नवी गोष्ट सांगितली. चोवीस डिसेंबरला आत्यानं त्याला फोन केला होता, की चारातल्या दोन पाटल्या ती चंपाच्या मुलीला लग्नात देणार आहे. चंपाला आधी सांगू नको, असंही म्हणाली होती. त्याला ते विचित्र वाटलं, पण आत्याचं सोनं, आत्याची इच्छा.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? प्रतीक्षाला. दुसऱ्या दिवशी इकडं येताना गाडीत बोललो."

प्रतीक्षा मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. निवृत्तीशी ती नीट बोलली, चहा विचारला. तिचं म्हणणं होतं, पोलीसबिलिस कशाला, चंपाला कामावरून काढलं की झालं, तिच्या मुलीचं लग्न आहे. मग कपड्यांची घडी घालता घालता म्हणाली, "बारा वर्षं झाली मला या घरात येऊन. एकुलती एक सून. आत्यांनी त्या पाटल्या मला कधी हातात घालूनही बघू दिल्या नाहीत."

निवृत्तीनं ते ऐकून घेतलं. त्याला तिची दया आली.

बाई आपल्या खोलीत गुडघ्यांवर शाल टाकून बसल्या होत्या. उशाशी काचेची एक बाटली होती, तळापासून गळ्यापर्यंत पांढरीफटक. निवृत्तीनं ती उचलून झाकण काढलं. सुक्या खोबऱ्याचा वास.

हे कुठलं, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, प्रतीक्षाच्या माहेरचं, श्रीवर्धनचं. तिची आई दरवर्षी घाण्यावरून काढून पाठवते. नाताळात ते दोघं आधी श्रीवर्धनला राहिले आणि तिथून सरळ इकडं आले, तेव्हा आणलं.

"फार गुणाचं तेल आहे. आल्या आल्या, दुपारीच, प्रतीक्षानं माझ्या गुडघ्यांना चोळलं. तेव्हा कसं छान वाहत होतं. मला झोपच लागली, पाच वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून हे असं. उकरून काढावं लागतं."

निवृत्तीनं बाटली जपून जागेवर ठेवली. धागा हातात आला होता, पण दुसरं टोक सापडत नव्हतं. बाटली सगळ्या घराची होती. तेल कुणीही तापवून घालू शकत होतं. चंपासुद्धा. सुहास हेच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल.

५

सोमवारी सकाळी अंघोळीआधी त्यानं डोक्याला लावायला खोबरेलाची बाटली घेतली. गोठलेली. उलटी केली, आपटली, काही उपयोग झाला नाही. मग बादलीतल्या गरम पाण्यात उभी करून तो पाटावर बसून राहिला.

चाळीस वर्षं थंडीत त्याच्या हाताशी पातळ तेल येत होतं. ते आपोआप पातळ राहत नाही, शेवंता त्याच्याआधी उठून बाटली चुलीच्या वैलाशी ठेवते, हे त्याला या थंडीतच कळलं होतं. घरात ज्याच्यासाठी कुणी तेल वितळवत असतं त्याला ते गोठतं याची खबरच नसते.

तो पाटावरून उठून उभा राहिला.

ज्यानं तेल तापवून घेतलं त्याला ते गोठतं हे ठाऊक. आणि गोठतं हे ठाऊक असलेला माणूस ते कुलपात घालेलच कशाला? चंपानं शनिवारीच सांगितलं होतं, मी काय येडी हाय का. या डोंगरावर जन्म काढलेलं कुणीही हेच म्हणालं असतं. कुलपात तेल ओतणाऱ्यानं तापवलं नव्हतं. त्याच्या हातात ते वाहतंच आलं होतं, आणि ते कधी वाहायचं थांबेल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

बादलीतलं पाणी निवेपर्यंत त्याचं सगळं जुळून झालं होतं. तेल न लावताच त्यानं अंघोळ केली आणि चंपाला निरोप धाडला, चार वाजता माझ्याबरोबर बंगल्यावर यायचं. ती नको म्हणाली. तो स्वतः तिच्या दारात जाऊन उभा राहिला, ती चपला घालेपर्यंत.

६

चार वाजता उत्तरेच्या खोलीत परत तीच पाच माणसं होती. मेजावर निवृत्तीनं साफ केलेलं कुलूप, खणातला ओघळ पडलेला कागद आणि बाईंची बाटली मांडली. सुहासनं घड्याळ पाहिलं. त्याच्या बॅगा व्हरांड्यात भरून ठेवलेल्या होत्या.

निवृत्ती उभ्यानंच बोलला. त्याला भाषणाची सवय नव्हती, म्हणून सिग्नलचा बिघाड शोधताना करी तसं त्यानं एकेक शक्यता काढून बाजूला ठेवली.

चोरी किल्लीनं झाली, म्हणजे शाहबाजनं केली नाही. त्याला किल्लीची जागाच ठाऊक नव्हती. वीस डिसेंबरला कुलूप कोरडं होतं, दोन माणसांनी बघितलं होतं. त्यानंतर चोरानं त्यात तेल घातलं. ते पातळ होतं, कागदावरचा ओघळ बघा. डिसेंबर लागल्यापासून या घरात खोबरेल गोठलेलं होतं, बाईंना विचारा. तापवून घातलं म्हणावं, तर तापवणाऱ्याला पुढं काय होणार ते ठाऊक असतं, तो घालणारच नाही. मग न तापवता वाहणारं खोबरेल या घरात कधी होतं? फक्त एकदा. समुद्राकाठाहून उन्हातल्या गाडीतून आलं त्या दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही गोठलं होतं.

"म्हणजे पंचवीस डिसेंबर," निवृत्ती म्हणाला. "तुम्ही पोचलात तेव्हापासून अंधार पडेपर्यंत. पाटल्या त्या वेळात गेल्या. आधी नाही, नंतर नाही."

सुहास म्हणाला, ठीक आहे, पण चंपा त्या दिवशी घरातच असेल.

"पंचवीस डिसेंबरला आमचं माणूस घरात नसतं, साहेब. देहूरोडच्या बुद्धविहाराचा वर्धापनदिन असतो. भाज्यातनं आम्ही एकवीस जण सकाळच्या लोकलनं गेलो. परत मळवलीला उतरलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. चंपा दिवसभर माझ्या शेजारी होती. शेवंता गेल्यावरचं माझं पहिलंच वर्ष, म्हणून तिनं मला एकट्याला सोडलं नाही. माझं खोटं वाटलं तर उरलेल्या एकोणीस जणांना विचारा."

बाई हळूच म्हणाल्या, की हो, त्या दिवशी चंपाची सुट्टी होती. जेवण आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं.

"मी पण नव्हतो," सुहास एकदम म्हणाला. "सामान उतरवलं आणि टायर बघायला लोणावळ्याला गेलो. साडेसहाला आलो."

"व्हय, साहेब. आणि बाई झोपल्या होत्या."

हे ऐकल्यावर सुहासला आपण काय म्हणालो ते कळलं. तो बायकोकडे बघायचं टाळत मेजाकडे बघत राहिला. निवृत्तीनं कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागू नये असंच त्याला वाटत होतं.

प्रतीक्षानं खिडकीचा गज धरला होता.

"आमच्याकडे दाराच्या बिजागरीपासून विहिरीच्या रहाटापर्यंत सगळ्याला हेच तेल घालतात," ती म्हणाली. "कधी गोठलेलं बघितलं नव्हतं मी. ठाण्यालाही नाही. सव्वीस तारखेला सकाळी आत्यांची बाटली पांढरी झालेली पाहिली. मी परत किल्ली घालून बघितली. फिरली नाही."

पाटल्या ठाण्याला तिच्या कपाटात होत्या. साड्यांच्या मागं, त्याच लाल पिशवीत. एकदाही हातात घातल्या नव्हत्या, असं तिनं सांगितलं, आणि ते खरं असावं असं निवृत्तीला वाटलं. गाडीत सुहासनं सांगितल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. बारा वर्षं ती वाट बघत होती आणि दोन पाटल्या चालल्या होत्या कामवालीच्या मुलीच्या हातात. चंपावर नाव जाईल असा विचार केला नव्हता. मग गेलं, आणि तिनं जाऊ दिलं.

चंपाला पाटल्यांचं हे पहिल्यांदाच कळत होतं. ती बाईंकडे वळली.

७

सुहासनं चंपाची माफी मागितली. नीट, हात जोडून मागितली. तक्रारीचा विषय संपला असं म्हणाला. बाईंनी चंपाचा हात धरला आणि सांगितलं, दोन पाटल्या तुझ्या लेकीच्याच आहेत, उद्याच मागवून घेते.

"पाटल्यांचं मला आज इचारू नका, बाई," चंपा म्हणाली. मग सुहासकडे वळली. "तुमी मला चोर म्हनलात ते दत्तोबाच्या कानावर घालून म्हनलात. ते कामशेतला पोचलं. आता हितं चार भिंतीत माफी मागून माझं काय व्हनार? महिपतीच्या दारात जाऊन सांगा. दत्तोबाला तितं बसवा आन त्याच्यासमोर सांगा. ज्यानं घेतलं त्यानं सांगावं."

सुहास म्हणाला, तो स्वतः जाईल, आत्ताच जातो, सगळं समजावून देतो. प्रतीक्षाला यात ओढायची गरज नाही, घरातली गोष्ट आहे.

चंपानं मान हलवली, नाही अशी.

निवृत्ती सुहासबरोबर गाडीत बसला. माळीकामावरून घरी निघालेल्या दत्तोबाला त्यांनी कुंपणापाशीच हाक मारून गाडीत घेतलं. त्याला कशासाठी ते सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही, पण तो फार अंग चोरून बसला होता. गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत मागचं दार उघडून प्रतीक्षा येऊन बसली.

महिपतीचं घर कामशेतच्या बाजाराच्या टोकाला होतं. ओटीवर सतरंजी होती. महिपती साठीचा, अंगात पांढरा सदरा, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यानं सगळ्यांना बसायला सांगितलं. दत्तोबा खांबाला टेकून बसला. सुहास बसला आणि बोलायला लागला. घरात एक वस्तू सापडत नव्हती, थोडी घाई झाली, थोडा गैरसमज झाला, चंपाताईंबद्दल त्यांच्या मनात काहीही नाही, नऊ वर्षांचं विश्वासाचं माणूस आहे. चांगलं बोलत होता. महिपती ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. निवृत्तीला दिसत होतं की असं शंभर वेळा सांगितलं तरी या घरात थोडं काहीतरी शिल्लकच राहील, आणि ते चंपाच्या मुलीला जन्मभर पुरेल.

प्रतीक्षा बसली नव्हती. ती पायरीपाशीच उभी होती.

"गैरसमज नाही झाला," ती म्हणाली. "पाटल्या मी घेतल्या होत्या. चंपाताई त्या दिवशी घरात नव्हत्या. त्यांच्यावर आळ आला तेव्हा मी समोर उभी होते आणि गप्प बसले."

आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. दत्तोबानं खाली बघितलं. सुहासनं चेहऱ्यावरून हात फिरवला.

महिपतीनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. मग तो दाराकडं तोंड करून बायकोला म्हणाला, की पंधरा तारखेच्या पत्रिका उद्या वाटायला काढ, पहिली चंपाच्या घरच्यांना दे, आणि चहा टाक, सहा माणसांचा. दत्तोबाला म्हणाला, हेही तेवढ्याच घाईनं सांग बाबा सगळीकडं.

मग त्यानं प्रतीक्षाकडं बघितलं.

"बस, पोरी," तो म्हणाला. "उभ्यानं सांगायचं ते सांगून झालं."